लोणारचे विवर : अशनीपाताने दिलेली संपत्ती आणि आपली शेती



बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यात मेहकर-सिंदखेडराजा रस्त्यावर बीबी हे गाव आहे. बीबी आणि आजूबाजूच्या गावांतील माणसांना लोणारचे सरोवर नवीन नाही. नवरात्रात कमळजा देवीच्या दर्शनाला, धारेवर स्नानाला किंवा पाहुण्यांना दाखवायला म्हणून प्रत्येक जण तेथे कधी ना कधी गेलेला असतो. परंतु या विवराचा शेतकऱ्याला उपयोग काय, असे विचारले तर उत्तर लवकर सापडत नाही. आकाशातून दगड पडला तर तळाशी लोखंड किंवा मौल्यवान धातू असेल काय? पूर्वी येथून खार निघत असे, तो आता का निघत नाही? तळ्यांचा गाळ वावरात टाकतात, मग या सरोवराचा गाळ का टाकू नये? या प्रश्नांची उत्तरे सोप्या भाषेत देण्याचा आणि त्यातून आपल्या शेतीसाठी कोणता बोध घ्यावा हे सांगण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

विवर कसे तयार झाले?

अवकाशातून जमिनीपर्यंत येऊन पोहोचणाऱ्या दगडाला किंवा लोहयुक्त गोळ्याला अशनी असे म्हणतात. मोठा अशनी सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. या आघाताने इतकी उष्णता व दाब निर्माण होतो की अशनीचा बहुतेक भाग वितळून किंवा वाफ होऊन नाहीसा होतो आणि त्याच्या आकाराच्या कितीतरी पट मोठा खड्डा पडतो. खड्ड्यातील फुटलेला खडक बाहेर उडून काठाभोवती पसरतो.

लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे असून काठापासून सुमारे १५० मीटर खोल आहे. त्याचा काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा सुमारे २० मीटर उंच उठलेला आहे. हे विवर आपल्या दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकात पडलेले आहे. हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. विवर त्या मानाने फार अलीकडचे आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतीच्या मोजणीत त्याचे वय सुमारे ५२ हजार वर्षे आले, तर २०११ सालच्या आर्गॉन वायूवर आधारलेल्या मोजणीत ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले.

पूर्वी हा खड्डा ज्वालामुखीचा समजला जात असे. नंतर तो अशनीपाताचा असू शकेल अशी शक्यता मांडली गेली. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी सरोवराच्या तळात छिद्रे घेऊन नमुने काढले. त्यात अतिशय मोठ्या दाबामुळे काचेसारखे झालेले खनिज मिळाले. ज्वालामुखीत असा दाब निर्माण होत नाही. १९७३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर विवर अशनीपाताचेच आहे याबद्दल शंका उरली नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विवरातून उडालेला खडक काठापासून साधारण एक ते दीड किलोमीटरपर्यंत सलग पसरलेला आहे. त्यापलीकडच्या बीबी, सुलतानपूर या बाजूच्या जमिनी अशनीमुळे बनलेल्या नाहीत. त्या बेसाल्ट झिजून तयार झालेल्या आपल्या नेहमीच्या काळ्या व मुरमाड जमिनी आहेत. मात्र खडक तोच असल्याने विवरात निसर्गाने जे घडवून दाखविले, ते आपल्या वावरातही लहान प्रमाणात घडू शकते.

जगातील विवरांत काय सापडले?

जगात आतापर्यंत सुमारे २०० अशनी विवरे निश्चित झाली आहेत. आपल्या देशात लोणारशिवाय मध्य प्रदेशातील ढाला आणि राजस्थानातील रामगढ ही त्यांपैकी होत. या विवरांतील संपत्ती समजून घेण्यासाठी तिचे तीन प्रकार करता येतात.

पहिला प्रकार म्हणजे अशनी पडण्यापूर्वीच तेथे असलेली आणि आघातामुळे टिकून राहिलेली संपत्ती. दक्षिण आफ्रिकेत फ्रेडेफोर्ट येथे सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी प्रचंड अशनी पडला. त्या परिसरातील सोने त्याहून जुने आहे. परंतु आघाताने सोन्याचे थर खाली दबले, झाकले गेले आणि झिजून वाहून जाण्यापासून वाचले.

दुसरा प्रकार म्हणजे आघाताच्या वेळी तयार झालेली संपत्ती. कॅनडातील सडबरी येथे सुमारे १८५ कोटी वर्षांपूर्वीच्या आघाताने खडकाचा प्रचंड साठा वितळला. त्या रसातून निकेल आणि तांबे खाली बसले. १८८३ साली रेल्वेमार्ग बांधताना हे धातूक उघडे पडले आणि आजही तेथे खाणी चालू आहेत. सायबेरियातील पोपिगाई विवरात खडकातील ग्रॅफाइटचे क्षणात हिरे बनले.

तिसरा प्रकार म्हणजे विवर पडल्यानंतर त्यात हळूहळू साठलेली संपत्ती. यात पाणी, खार, चिकणमाती, खनिज तेल आणि सजीव सृष्टी येते. मेक्सिकोतील चिक्शुलुब विवर जमिनीखाली गाडले गेले आहे, पण त्याच्या कडेने गोड्या पाण्याच्या खोल नैसर्गिक विहिरींचे वर्तुळ आहे आणि तेथील लोक शेकडो वर्षे त्यावर जगले. घाना देशातील बोसुम्ट्वी विवरात मोठे तळे असून काठावरची गावे त्यात मासेमारी व भोवती शेती करतात. जर्मनीतील रीस विवराच्या सपाट तळावर सुपीक शेती आहे आणि आघाताने बनलेला दगड तेथील इमारतींना वापरला गेला आहे.

लोणारची संपत्ती या तिसऱ्या प्रकारात मोडते.

लोणारच्या तळाशी धातू आहे काय?

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात लोणारपेक्षा थोडे लहान, सुमारे १.२ किलोमीटर व्यासाचे विवर आहे. डॅनियल बॅरिंजर नावाच्या खाण व्यावसायिकाने १९०३ सालापासून त्याच्या तळाशी लोखंडाचा मोठा गोळा शोधण्यासाठी छिद्रे घेतली. सुमारे २५ वर्षे खर्च केल्यावरही तो गोळा मिळाला नाही, कारण अशनीचा बहुतेक भाग आघातातच नष्ट झाला होता. १९२९ साली शास्त्रीय हिशेबानेही हेच दाखविले आणि काम बंद पडले.

लोणारची गोष्ट तशीच आहे. सडबरीसारख्या ठिकाणी धातू मिळतात कारण ती विवरे १०० किलोमीटरहून अधिक व्यासाची होती आणि तेथे खडकाचा अफाट साठा वितळला. पावणेदोन किलोमीटरच्या विवरात एवढा रस तयार होत नाही. लोणारच्या तळाशी सुमारे १०० मीटर गाळ आणि त्याखाली फुटलेला बेसाल्ट आहे. म्हणून विवराच्या परिसरातील जड किंवा काळा दगड म्हणजे मौल्यवान धातू असे कोणी सांगितल्यास त्यावर पैसे घालवू नयेत. शिवाय हे क्षेत्र अभयारण्य आहे. तेथून दगड, माती, खार किंवा वनस्पती परवानगीशिवाय उचलणे कायद्याने गुन्हा आहे.

लोणारचा खार

विवराची सर्वांत जुनी माहीत असलेली संपत्ती म्हणजे खार. सोळाव्या शतकाच्या शेवटी लिहिलेल्या ऐन-ए-अकबरीत या भागात काच व साबण यांना लागणारे पदार्थ मिळतात आणि त्यापासून सरकारला उत्पन्न होते, अशी नोंद आहे. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की काठावर खार बसत असे आणि मजूर लावून तो गोळा केला जाई. त्याच्या प्रतीप्रमाणे डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी नावे होती. बांगड्यांची काच, साबण, कापड रंगविणे आणि पापड यांसाठी तो दूरवर जात असे.

कारखान्यात स्वच्छ सोडा स्वस्तात तयार होऊ लागल्यावर अशा लहान ठिकाणच्या खाराची मागणी घटत गेली. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया शहराजवळ त्स्वाईंग नावाचे सुमारे १.१ किलोमीटर व्यासाचे विवर आहे. त्यातही लोणारसारखेच खारे तळे आहे. तेथे विसाव्या शतकात कंपनीने सोडा व मीठ काढण्याचा कारखाना चालविला. तो १९५६ साली बंद झाला आणि आता ते ठिकाण संरक्षित आहे. लोणारचे सरोवर २०२० साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर यादीत गेले. त्यामुळे खार काढण्याचा धंदा पुन्हा सुरू होण्याची अपेक्षा धरू नये. पण हा खार तेथे साठला कसा, हे मात्र प्रत्येक ओलितदार शेतकऱ्याने समजून घेण्यासारखे आहे.

खार कसा साचतो?

बेसाल्ट खडक झिजताना त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम इत्यादी क्षार पाण्यात उतरतात. विवराच्या काठांवरून आणि झऱ्यांतून येणारे पाणी हे क्षार घेऊन सरोवरात येते. सरोवरातून बाहेर जाणारा एकही नाला नाही. उन्हाने पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. कॅल्शियम व मॅग्नेशियम हे चुनखडीच्या रूपाने तळाशी बसतात आणि पाण्यात सोडियमचे कार्बोनेट, बायकार्बोनेट व साधे मीठ उरते. म्हणून सरोवराच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास राहत आला आहे. प्रत्यक्षात आत येणारे पाणी गोड आहे. खारेपणा आला तो निचरा नसल्यामुळे.

आता आपल्या वावराचा विचार करा. भारी काळी जमीन, सखल भाग, धुऱ्याला पाणी अडलेले आणि विहिरीच्या पाण्याने वर्षानुवर्षे ओलीत, ही स्थिती विवरासारखीच आहे. पाणी येते, पीक व ऊन ते उडवून नेते, क्षार राहतात.

याचा साधा हिशेब असा. विहिरीच्या पाण्याची विद्युत वाहकता १ डेसी सायमन प्रति मीटर असेल तर एका लिटरमध्ये सुमारे ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. एक हेक्टरला ६ सेंटिमीटर उंचीची एक पाळी म्हणजे ६ लाख लिटर पाणी. त्याबरोबर सुमारे ३८४ किलो क्षार वावरात येतात. गव्हाला अशा ५ पाळ्या दिल्या तर एका हंगामात सुमारे १९ क्विंटल क्षार हेक्टरी जमिनीत जातात. निचरा चांगला असेल तर पावसाळ्यात त्यांचा मोठा भाग धुऊन जातो. निचरा नसेल तर ते साचत जातात आणि काही वर्षांनी वाफ्यात पांढरे डाग दिसू लागतात.

आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेकडील शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागातील खारपाणपट्टा आपण सर्वांनी पाहिला आहे. तेथे जमिनीखालचे पाणीच खारे असल्याने ओलिताचा मार्ग अवघड झाला. लोणार तालुका त्या पट्ट्यात नाही. आपले पाणी साधारणपणे गोड आहे आणि ते तसेच राखणे आपल्या हातात आहे. बिघडलेली जमीन सुधारण्यास अनेक वर्षे व बराच खर्च लागतो.

पाणी व माती तपासून घ्यावी

दर दोन-तीन वर्षांनी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी तपासून घ्यावे. पंप १५ ते ३० मिनिटे चालवून नंतर स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत एक लिटर नमुना घ्यावा. बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळावी. नाव, गाव, गट क्रमांक, विहिरीची खोली व घेतली जाणारी पिके लिहून नमुना लवकरात लवकर प्रयोगशाळेत द्यावा. अहवालातील आकडे पुढीलप्रमाणे वाचावेत.

१) विद्युत वाहकता ०.७५ डेसी सायमन प्रति मीटरपर्यंत : पाणी ओलितास चांगले.

२) ०.७५ ते २.२५ : निचऱ्याच्या जमिनीत, क्षार सहन करणाऱ्या पिकांना जपून वापरावे.

३) २.२५ पेक्षा जास्त : भारी जमिनीत नियमित ओलितासाठी वापरू नये.

४) अवशिष्ट सोडियम कार्बोनेट १.२५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरपेक्षा कमी : सुरक्षित.

५) १.२५ ते २.५ : मध्यम, जिप्समचा सल्ला घ्यावा.

६) २.५ पेक्षा जास्त : अयोग्य. लोणारच्या सरोवरात जो सोडियम कार्बोनेट साठला, तोच अशा पाण्यातून जमिनीत साठू लागतो.

मातीच्या अहवालात सामू ८.५ च्या आत व विद्युत वाहकता ४ पेक्षा जास्त असल्यास जमीन क्षारयुक्त समजावी. चर काढून निचरा करणे व गोड पाण्याने क्षार धुऊन काढणे हा तिच्यावरचा उपाय आहे. सामू ८.५ पेक्षा जास्त आणि विनिमययुक्त सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांपेक्षा जास्त असल्यास जमीन चोपण समजावी. अशी जमीन ओली असताना चिकट होते, वाळल्यावर दगडासारखी कडक होते व पाणी वर साचून राहते. तिच्यासाठी माती परीक्षणातून निघणाऱ्या गरजेनुसार जिप्सम मिसळावे, निचऱ्याची सोय करावी आणि धैंचा किंवा बोरूचे हिरवळीचे खत गाडावे. निचरा न करता नुसते जिप्सम टाकल्यास फायदा होत नाही.

जिप्सम पांढरे दिसते आणि खारही पांढरा दिसतो. परंतु दोन्हींचे गुण उलट आहेत. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमला बाहेर काढतो. पापडखार किंवा धुण्याचा सोडा जमिनीत सोडियमच वाढवितो. तो कोणत्याही पिकाला खत म्हणून देऊ नये.

विवराचा गाळ वावरात टाकू नये

धरणे व गावतळी यांतील गाळ काढून हलक्या जमिनीत पसरविण्याची पद्धत चांगली आहे आणि शासनाच्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेतून तिला चालना मिळाली आहे. पाझर तलावातील किंवा गावतळ्यातील गाळ गोड्या पाण्याखाली साठलेला असतो. लोणारच्या सरोवराचा गाळ मात्र सोडियम कार्बोनेटच्या पाण्याखाली साठलेला आहे. तो उचलण्यास कायद्याने बंदी आहेच. त्यापलीकडे, असा गाळ मुरमाड जमिनीतही चोपणपणा आणील. इतर कोणत्याही तळ्याचा गाळ घेतानासुद्धा एक नमुना तपासून त्याचा सामू ८.५ च्या आत असल्याची खात्री करावी.

गोड पाण्याची धार आणि आपल्या विहिरी

खाऱ्या सरोवराच्या काठावर गोड पाण्याची धार बारमाही वाहते, ही लोणारची खरी नवलाई. गोमुखातून पडणाऱ्या या पाण्यावर भाविक स्नान करतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने विवरातील सर्वांत मोलाची संपत्ती हीच म्हटली पाहिजे.

विवराच्या आतील उतारावर बेसाल्टचे पाच-सहा थर उघडे पडलेले दिसतात. विहीर खोदताना आपल्याला जे लागते तेच तेथे एकावर एक पाहावयास मिळते. वर माती व मुरूम, मग भेगाळलेला खडक, कोठे मांजऱ्या, कोठे टणक काळा पाषाण आणि दोन थरांच्या मध्ये तांबडा गेरू. भेगाळलेल्या खडकात पाणी मुरते व सरकते. टणक पाषाण किंवा गेरूचा चिकट थर आडवा आला की ते खाली जात नाही, आडवे वाहते आणि उतारावर जेथे थर उघडा पडला असेल तेथे झरा म्हणून बाहेर येते. काठाभोवती फुटलेल्या खडकाचा थर असल्याने तेथे पावसाचे पाणी चटकन मुरते.

यातून दोन गोष्टी समजतात. एक, बेसाल्टमधील पाणी हे जमिनीखालचे अथांग सरोवर नव्हे. ते ठरावीक थरांत, दरवर्षीच्या पावसाने भरणारे व उपशाने रिकामे होणारे पाणी आहे. दोन, धारेला पाणी पुरविणारे थर काठाबाहेरच्या जमिनीखालीही पसरलेले असतात. काठाजवळ विहिरी व बोअर वाढत गेले आणि पुनर्भरण झाले नाही, तर झऱ्यांचे पाणी कमी होणे अटळ आहे. बीबीच्या शिवारात झरा नसला तरी नियम तोच लागू होतो. तुमच्या आणि शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी देणारा थर बहुधा एकच असतो. एकाने बोअर खोल नेला की दुसऱ्याची विहीर आधी आटते.

एक हेक्टर क्षेत्रावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर हेक्टरी ७० लाख लिटर पाणी आपल्या वावरावर पडते. त्यातील थोडा भाग जरी मुरविला तरी विहिरीला फरक पडतो. यासाठी पुढील कामे करावीत.

१) पेरणी उताराला आडवी करावी. सोयाबीनमध्ये रुंद वरंबा सरी पद्धत वापरावी किंवा ठरावीक ओळींनंतर डवऱ्याच्या वेळी सरी पाडावी. जास्त पावसात सरीतून निचरा होतो आणि खंड पडल्यास मुरलेला ओलावा उपयोगी पडतो.

२) धुरे दुरुस्त ठेवावेत आणि पाणी बाहेर पडण्याच्या जागी दगडी सांडवा द्यावा.

३) विहीर पुनर्भरण करावे. वावरातून वाहून जाणारे पाणी आधी एका लहान खड्ड्यात घेऊन गाळ बसू द्यावा. तेथून ते दगड, खडी व वाळूचे थर भरलेल्या दुसऱ्या खड्ड्यात सोडावे आणि त्याच्या तळाशी बसविलेल्या नळीने विहिरीत न्यावे. गढूळ पाणी थेट विहिरीत सोडल्यास झरे बुजतात. फवारणी केलेल्या क्षेत्राचे किंवा गोठ्याचे पाणी पुनर्भरणासाठी घेऊ नये.

४) नवीन विहीर किंवा बोअर घेण्यापूर्वी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला घ्यावा. आजूबाजूच्या विहिरींत कोणत्या खोलीवर कोणता थर लागला याची माहिती गावात जमवून ठेवावी.

५) ओलितासाठी तुषार किंवा ठिबक संच वापरावा. पाणी कमी लागते आणि पाण्याबरोबर येणारे क्षारही त्या प्रमाणात कमी येतात.

विवराच्या उतारावर व काठाजवळ वापरलेली रासायनिक खते आणि कीटकनाशके, तसेच वस्तीचे सांडपाणी शेवटी सरोवरातच जाते. त्याला बाहेर पडायला वाट नाही. काठाजवळच्या शेतकऱ्यांनी खते माती परीक्षणानुसार, विभागून आणि जमिनीत गाडून द्यावीत.

डोळ्यांना न दिसणारी संपत्ती

सरोवराच्या पाण्यात साधी पिके वा गोड्या पाण्यातील जीव सहज तग धरू शकत नाहीत. तरीही ते पाणी निर्जीव नाही. स्पिरुलिना नावाचे निळे-हिरवे शेवाळ त्यात भरपूर वाढत आले आहे. वाळलेल्या स्पिरुलिनात सुमारे ६० टक्के प्रथिने असतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेसह अनेक संस्थांनी येथील जिवाणूंचा अभ्यास केला आहे. अतिशय विम्ल पाण्यात वाढणारे हे जिवाणू असे विकर तयार करतात की जे साबणाच्या पाण्यातही काम करतात. अशा विकरांचा उपयोग कपडे धुण्याची पावडर व चामडे कमावण्याच्या धंद्यात होतो. सरोवरातून मिळालेल्या एका नव्या जिवाणूच्या शास्त्रीय नावात लोणारचे नावच घातले गेले आहे.

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा गावोगावी चर्चा झाली होती. पाणी कमी होऊन खारेपणा वाढल्याने मिठात वाढणारे लाल रंगाचे सूक्ष्म जीव फोफावले, असे आघारकर संस्थेच्या तपासणीत आढळून आले. पावसाने पाणी वाढल्यावर रंग पुन्हा बदलला.

या संपत्तीबाबत शेतकऱ्यांनी दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. पहिली, स्पिरुलिना उत्पादन हा स्वच्छ टाक्यांत, खाण्याचा सोडा व पोषक द्रव्ये घालून करावयाचा स्वतंत्र धंदा आहे. सरोवराचे शेवाळ आणून खाणे किंवा जनावरांना घालणे धोक्याचे आहे. धंदा करायचा झाल्यास आधी प्रशिक्षण घ्यावे, खरेदीदार पक्का करावा आणि मगच टाकी बांधावी. दुसरी, जैविक विविधता कायदा २००२ नुसार स्थानिक जैविक संपत्तीचा व्यापारी उपयोग झाल्यास त्याच्या लाभात स्थानिक लोकांना वाटा देण्याची तरतूद आहे. यासाठी प्रत्येक ग्रामपंचायत व नगरपरिषदेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असणे आवश्यक आहे. आपल्या गावाची नोंदवही पूर्ण आहे काय, याची ग्रामसभेत चौकशी करावी. त्यात गावरान वाण, औषधी वनस्पती व जुन्या जाणत्यांकडील माहिती नोंदवून घ्यावी.

गाळात लिहिलेली दुष्काळाची नोंद

पर्जन्यमापक येण्यापूर्वी आपल्या भागात पाऊस कसा होता, हे सांगणारे साधन विवराच्या तळाशी आहे. सरोवरात दरवर्षी थोडा गाळ बसतो आणि बाहेर जात नाही. भारतीय व जर्मन शास्त्रज्ञांनी सरोवराच्या तळातून सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा नमुना काढला. त्यात गेल्या सुमारे ११ हजार वर्षांची नोंद मिळाली. पाऊस दीर्घकाळ कमी झाला की पाणी अतिखारे होऊन एका विशिष्ट खनिजाचे स्फटिक गाळात तयार होतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वी असे दोन दीर्घ कोरडे कालखंड येथे येऊन गेले.

म्हणजे कमी पावसाची वर्षे ओळीने येणे ही आपल्या भागातील नवी गोष्ट नाही. एक-दोन चांगल्या पावसाळ्यांवर विसंबून बागायतीचे क्षेत्र वाढविण्यापेक्षा, कमी पावसाच्या वर्षी विहीर किती ओलीत करू शकते हे धरून पिकांची आखणी करावी. सोयाबीनबरोबर तुरीचे आंतरपीक आणि रब्बीत हरभरा ठेवल्यास एका पिकाची जोखीम कमी होते.

प्रवाशांपासून मिळकत

विवर पाहायला देशातून व परदेशातून लोक येतात. समृद्धी महामार्ग लोणार तालुक्यातून गेल्याने येणे-जाणे सोपे झाले आहे. बीबी परिसरातील महिला बचत गटांना डाळ, पापड, शेवया, ज्वारीचे पदार्थ, तसेच जेवणाची व निवासाची सोय यांतून पूरक उत्पन्न घेता येईल. विवर स्वच्छ राहिले, धार वाहती राहिली, तरच हे उत्पन्न टिकेल.

सारांश

लोणारच्या विवरात सोने-लोखंड नाही आणि खाराचा जुना धंदाही परत येणारा नाही. विवराने आपल्याला दिले आहे ते गोड्या पाण्याचा झरा, दुर्मिळ सूक्ष्म जीव, हजारो वर्षांच्या पावसाची नोंद आणि निचरा नसलेल्या जागेत क्षार कसा साठतो याचे उघडे प्रात्यक्षिक. यांपैकी पाणी आणि क्षार या दोन गोष्टींचा तुमच्या वावराशी थेट संबंध आहे. तरी शेतकरी बंधू-भगिनींनी येत्या उन्हाळ्यात पुढील चार कामे अवश्य करावीत.

१) विहिरीचे पाणी व वावरातील माती तपासून घ्यावी.

२) सखल भागातील निचऱ्याचे चर पावसाळ्यापूर्वी मोकळे करावेत.

३) विहीर पुनर्भरणाचे खड्डे मृगापूर्वी तयार ठेवावेत.

४) खार, सोडा किंवा न तपासलेला गाळ जमिनीत टाकू नये.

अधिक माहितीसाठी बुलढाणा येथील कृषी विज्ञान केंद्र किंवा आपल्या भागातील कृषी कर्मचारी यांच्याशी संपर्क साधावा.